दर रविवारी ब्राझीलला

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सोपानअण्णा दर रविवारी सकाळी ब्राझीलला जातात आणि दुपारच्या जेवणाला परत येतात.

थट्टा नाही करत मी. रावेतला आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. मी या घरात नवी राहायला आले तेव्हा पहिल्याच रविवारी लिफ्टमध्ये अण्णा भेटले. पायात बूट, अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी आणि हाताशी एवढी थोरली चाकांची बॅग. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून विचारलं, "कुठं निघालात?"

"ब्राझीलला."

"बरं. जपून जा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुपारी मी कोथिंबीर आणायला खाली गेले तर अण्णा लिफ्टपाशी उभे. तीच बॅग, तोच शर्ट, फक्त घामाघूम. मी म्हटलं, "अगंबाई! विमान चुकलं की काय?"

"न्हाई आक्का," अण्णा म्हणाले. "पोचलो, आन् आलो."

मी घरी येऊन सुनेला, पल्लवीला, सांगितलं, "समोरच्यांकडे जरा लक्ष ठेवायला हवं गं." ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आई, ते ट्रायल घेतात."

आता ट्रायल म्हणजे काय, ते सांगते. अण्णा मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले. शेतीतलं काही राहिलं, काही कंपन्यांत गेलं, आणि अण्णाही कंपनीत गेले. माल रवाना करायच्या खात्यात, म्हणजे ज्याला ते 'डिस्पॅच' म्हणतात त्यात, त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं एक पद्धत होती. नवं गिऱ्हाईक मिळालं, नव्या गावाला माल पाठवायचा ठरला, की भरलेला ट्रक एकदम सोडायचा नाही. आधी रिकामी गाडी पाठवायची, सोबत एक माणूस द्यायचा. पूल कुठं बुटका आहे, वळण कुठं आवळ आहे, ड्रायव्हरला चहा कुठं मिळतो, हे सगळं त्यानं बघून यायचं. तो माणूस म्हणजे अण्णा. "कोऱ्या रस्त्यावर भरली गाडी सोडायची न्हाई," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. लग्न असो, ऑपरेशन असो, कुणाच्या घरात नवीन मिक्सर आलेला असो, अण्णा विचारणार, "ट्रायल घेतली का?"

तर ब्राझीलचं असं. अण्णांचा एकुलता एक मुलगा संदीप तिकडे आहे. मनाऊस नावाच्या गावात. हे गाव कुठं, तर भल्या मोठ्या नदीच्या काठी, जंगलाच्या मधोमध. बाकीच्या देशातून तिथं धड रस्तासुद्धा जात नाही म्हणे, विमानानं जा नाहीतर बोटीनं. आणि अशा ठिकाणी काय आहे? तर मोटारसायकलींचे कारखाने! म्हणजे पोरगं चाकणमधून निघालं आणि पृथ्वीला वळसा घालून पुन्हा चाकणमध्येच जाऊन पोचलं. दोन वर्षांसाठी कंपनीनं पाठवलं होतं. तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली, आणि आता तो तिथलाच झाला. रावेतचा हा फ्लॅट त्यानंच आईवडिलांसाठी घेतलेला. आई, सुमनवहिनी, वारली तेव्हा तो एकटाच दहाव्याला येऊन गेला. नातीला अण्णांनी अजून फोनमध्येच बघितलंय.

म्हणून ही ट्रायल. घराचं दार म्हणजे मुंबई. लिफ्ट म्हणजे विमान. क्लब हाऊससमोरचा बाक म्हणजे आदिस अबाबा, हे आफ्रिकेतलं गाव, तिथं विमान बदलायचं. मेन गेटची केबिन म्हणजे साओ पाउलो, तिथं ब्राझीलचा शिक्का. आणि पार मागच्या कोपऱ्यातली पाण्याची टाकी म्हणजे मनाऊस.

बाकावर अण्णा नुसते टेकून उठायचे नाहीत. खऱ्या प्रवासात जितकं थांबायचं असेल त्या मानानं बसायचे. एकदा क्लब हाऊससमोरच गणपतीच्या वर्गणीची मीटिंग भरली. मंडप मोठा घालायचा की लहान, यावर हात वर करायची वेळ आली. सगळ्यांचे हात वर, अण्णांचा खाली. सेक्रेटरी म्हणाले, "अण्णा, तुमचं मत?"

"मला धरू नका," अण्णा म्हणाले. "मी आत्ता ट्रांझिटमधी हाय."

केबिनमध्ये केशव वॉचमन. लातूरकडचा माणूस, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारखा. अण्णांनी त्याला पासपोर्ट तपासायचं काम दिलेलं. तो पासपोर्ट उलटा धरून विचारायचा, "कुठं जायलाव?"

"मनाऊस."

"तिथं कोण हाय तुमचं?"

"ल्योक हाय, सून हाय, नात हाय."

"मग इथं काय करायलाव एवढे दिवस?"

"आरं, तिथला सायब असं इचारंल का? नियमात बोल."

"नियमात बोलायलोय की! आमच्याकडं कुणी बी आलं तर हेच इचारतेत."

बॅगेची आणखी गंमत. रिकामी बॅग ओढली तर ती कसली ट्रायल? वजन पुरतं हवं. म्हणून अण्णा बॅगेत गहू भरायचे. मनाऊसला, म्हणजे टाकीपाशी, पोचले की मागच्या फाटकातून तसेच गिरणीत. गिरणीवाला विचारायचा, "अण्णा, ब्राझीलचं बारीक दळू की जाडं?"

वेळ मोजायचं त्यांचं मापही वेगळं. तासबिस नाही, 'चाकण'. सगळी हयात चाकणच्या चौकात अडकलेल्या ट्रकांची वाट बघण्यात गेलेली. एक ट्रक चौकातून सुटायला जेवढा वेळ लागतो, तो एक चाकण. "आदिस अबाबाला निदान दोन चाकण सुटायला पायजेत," असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. पल्लवी एकदा म्हणाली, "काका, विमानतळावर ट्रॅफिक नसतं हो."

"मोठं गाव हाय न्हवं साओ पाउलो? मग तिथं बी चाकण असणारच."

यावर इंजिनिअर झालेली माझी सून मान डोलावून मोकळी झाली. रोज हिंजवडीहून येते ती.

राजगुरुनगरला एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता पडल्या, पंगत बसली. अण्णांच्या शेजारी नवऱ्या मुलाचे मामा. मामांनी सहज विचारलं, "पाव्हणं, कुठून आलात?" आता माणसानं रावेत म्हणावं आणि जिलेबी खावी. अण्णांनी सुरुवात रावेतपासूनच केली, पण मामांना ताक वाढेपर्यंत ते साओ पाउलोला उतरले होते. तिथं विमानतळ एक नाही, जास्त आहेत, बाहेरून येणारं विमान एकावर उतरतं, मनाऊसचं कधी कधी दुसऱ्यावरूनच सुटतं, ध्यानात ठेवा, चुकाल. मामा बिचारे वाशीमचे. त्यांनी हात धुताना मला हळूच विचारलं, "बाई, आम्हाला पण जावं लागतं का तिकडं?"

पिवळ्या तापाची लस घेतलेला आमच्या सोसायटीतला हा एकमेव माणूस. ब्राझीलला जाऊन परत येताना ती लागते म्हणे. डॉक्टर म्हणाले, तुमचं वय झालंय, विचार करा, निघताय कधी? अण्णा म्हणाले, "तारीख न्हाई अजून. ट्रायल चालू हाय." वाद घालून लस टोचून आले आणि दंड धरून सगळ्या मजल्यांवर हिंडले. व्हिसाचे कागद तयार, लोकरी बनियन तयार. मी म्हटलं, तिकडं उकडतं म्हणता ना? तर म्हणाले, इमानात गारठा असतो.

सगळं तयार. फक्त तिकीट नाही.

मी पडले मूळची जेवणाची बाई. संत तुकाराम नगरला होतो तेव्हा कंपनीतल्या एकट्या पोरांची खानावळ चालवायची. शाळा माझी थोडकी, पण माणूस दुसरी भाकरी कशी मागतो त्यावरून त्याच्या घरी काय चाललंय ते मला कळायचं. पण या अण्णांचं मला कळेना. कधी दोहावरून जायचं ठरायचं. दोन रविवार गेले की दोहा बाद. मग इस्तंबूल. इस्तंबूल बाद. मग पुन्हा आदिस अबाबा. मला वाटायचं, घाबरत असेल माणूस. ट्रकवर जन्म गेलेला, आभाळात जीव धजत नसेल.

शेवटी पल्लवीच कंबर कसून बसली. एका शनिवारी फोनवर बोटं फिरवली आणि पाच मिनिटांत मार्ग काढला. मुंबई, आदिस अबाबा, साओ पाउलो, मनाऊस. विमानतळ बदलायला नको, सामान एकदा दिलं की थेट मनाऊसला, मधे थांबायला वेळ मोकळा. तिनं तो अण्णांना पाठवला, संदीपलाही पाठवला. मग आम्ही दोघी समोरच्या दारात पेढे मागायला गेल्यासारख्या उभ्या राहिलो.

अण्णांनी चष्मा लावला. बघितलं. पुन्हा बघितलं. आनंद व्हायचा सोडून त्यांचा चेहराच पडला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर फुटल्यावर हुशार पोराचा पडावा तसा.

"चांगला हाय," म्हणाले.

"मग काढू या का काका? आज भाव बरा आहे."

"काढू की. काढायचंच हाय. संदीपला इचारतो. उद्या फोन असतोय त्याचा."

दुसऱ्या दिवशी अण्णा ब्राझीलला गेले नाहीत. केशव वॉचमन वर येऊन मला विचारून गेला, "आक्का, सायब आज निघाले न्हाईत, बरं हाय न्हवं त्यास्नी?"

संध्याकाळी मी वाटीभर खीर घेऊन गेले. अण्णा टेबलाशी बसले होते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. मला म्हणाले, "बसा आक्का, फोन येईल आत्ता." मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

फोन आला. तिकडे सकाळ होती. संदीप कॉफीचा मग घेऊन बसलेला, मागून त्याची बायको नमस्कार करून गेली. मग नात आली, कुरळ्या केसांची, काचेजवळ तोंड आणून तिच्या भाषेत खूप काहीतरी सांगून गेली. अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, बरोबर हाय तुझं." ती हसत पळाली.

आणि मग बाप-लेक सुरू झाले. मी अण्णांना इतकं हसूनखेळून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. संदीप म्हणे, "इस्तंबूलचं बघितलं मी अण्णा, तिथं लई चालावं लागतंय." अण्णा म्हणे, "मी काय म्हातारा झालो का रं? कळसूबाई चढलोय मी." संदीप म्हणे, "तेव्हा माझा जन्म नव्हता झाला." अण्णा म्हणे, "म्हणून तर चढलो, तू असतास तर खांद्यावर बसला असतास." दोघं हसले. साओ पाउलोत जेवायला काय मिळतं, यावर केवढी चर्चा. भात मिळतो, घेवड्यासारखी उसळ मिळते, हे ऐकून अण्णा मला म्हणाले, "बघा आक्का, उपाशी न्हाई मरत माणूस."

मग संदीप म्हणाला, "अण्णा, पल्लवी वहिनींनी पाठवलंय ते सगळ्यात चांगलंय. आज काढून टाकतो."

अण्णा टेबलावर सांडलेलं पाणी बोटानं पुसू लागले.

"काढू ना?"

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "आदिस अबाबाला टाइम कमी पडतोय," म्हणाले.

मी उडालेच. अहो, पल्लवीनं मला दाखवलं होतं. तिथं एवढा वेळ होता की माणूस पुरणपोळ्या करून खाईल. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझं लक्ष फोनमधल्या संदीपकडे गेलं. तो खाली, त्याच्या मगाकडे बघत होता. बराच वेळ बघत होता.

"हो," तो म्हणाला. "कमीच आहे. मी असं करतो अण्णा, परत दोहावरून बघतो. पुढच्या रविवारी सांगतो."

"निवांत बघ. घाई न्हाई."

"बाकी?"

"बाकी काय न्हाई. तुझं?"

"चाललंय. जेवलात?"

"जेवणार आता. तू?"

"नाश्ता झाला."

"बरं."

"बरं."

आणि फोन बंद झाला. एवढा वेळ गजबजलेलं ते घर, बघता बघता पंगत उठून गेल्यासारखं झालं. पंखा तेवढा फिरत होता.

मी म्हटलं, "अण्णा, वेळ कमी नव्हता."

"न्हवता," अण्णा म्हणाले.

मी खीर त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चमचा हातात घेतला, पण खाल्ली नाही.

"आक्का, आमच्यात बोलायचं काम सुमनचं. पोराला काय हवं नको, ताप आलाय का, कुणाशी भांडला, समदं तिला ठावं. मी रातपाळीला असायचो, न्हाईतर ट्रकावर. तो तिकडं गेल्यावर बी फोन तिचाच. तास तास बोलायची. मी श्येवटी दोन मिनटं, जेवलास का, पाऊस हाय का, ठेव. ती गेली आन् फोन आला माझ्या हातात. आन् मला कळंना बोलायचं काय. त्यालाबी कळंना. जेवलास का, जेवलो. पाऊस हाय का, हाय. झालं. पोरगं फोन धरून बसायचं, मी बी धरून बसायचो. असं लई दिवस चाललं."

"मग?"

"मग एकदा म्या आपलं काय तरी इचारायचं म्हणून इचारलं, का रं, तुझ्या गावाला यायचं झालं तर रस्ता कसा? आन् आक्का, पोरगं जे बोलाय लागलं! कुठलं इमान, कुठं उतरायचं, नदी वरून कशी दिसती, मी पहिल्यांदा आलो तवा कसा घाबरलो होतो. हे मला कवाच म्हाईत न्हवतं, घाबरला होता ते. तवापासनं दर आइतवारी."

मी खिरीची वाटी आणखी थोडी पुढे सरकवली. 

"तिकीट काढलं की रस्ता ठरला," अण्णा म्हणाले. "जाईन, नातीला उचलून घीन, चार दिस ऱ्हाईन. आन् परत आल्यावर? पुन्हा जेवलास का?"

"अण्णा, नातीला मांडीवर घेतलंत की बोलायला नवं काही निघेल."

"निघंल बी. आन् न्हाई निघालं तर?"

अजूनही माझं मन दोन्हीकडे ओढतं.  एकदा वाटतं, उठावं आणि या माणसाला धरून विमानात बसवावं, पोरगी मोठी होत चाललीय तिकडे. एकदा वाटतं, ज्याचं त्याला कळतं, आपण खीर तेवढी द्यावी.

घरी आले तर पल्लवी वाटच बघत होती. "काढायचं का तिकीट? भाव वाढायला लागलाय."

"राहू दे," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"आदिस अबाबाला वेळ कमी पडतोय."

तिनं फोन खाली ठेवला. म्हणाली, "आई, आता तुम्ही पण?"

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. सकाळी पल्लवीला तिच्या फोनवर त्या देशाचा नकाशा आणि फोटो दाखवायला लावले. बघते तर काय, देश आहे की ब्रह्मांड! मनाऊस एका टोकाला, आणि खाली पार दुसऱ्या टोकाला एक धबधबा. एक कसला, शेकडो धबधबे मिळून एक. मी तशीच पदर खोचून समोर गेले आणि बेल वाजवली.

"अण्णा, एक विचारू? एवढा खर्च करून इतक्या लांब जायचं, आणि नुसतं मनाऊस बघून परत यायचं? तिथं म्हणे मोठा धबधबा आहे. तो का नाही घेतला तुम्ही वाटेत?"

अण्णा दारातच थांबले. दाढीचा साबण एका गालाला तसाच.

"धबधबा?"

"हो. संदीपला माहीत असणार. त्याला विचारा, मनाऊसहून तिकडं जायचं कसं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी दुसरीकडे, जिन्याकडे बघितलं. मग ते आत गेले, ट्रायलसाठी भिंतीवर लावलेल्या जगाच्या नकाशासमोर उभे राहिले. एक बोट वर मनाऊसवर ठेवलं, दुसऱ्या हातानं खाली शोधू लागले. खाली, आणखी खाली. हात पुरेना तेव्हा किंचित वाकले.

"लई लांब हाय, आक्का," अण्णा म्हणाले. गालावरचा साबण वाळत चालला होता, आणि हा माणूस एवढा खूश की मला तिथं उभं राहवेना. "लई म्हंजे लईच लांब हाय!"